किरणांनंतरचा मोतीबिंदू : भीती नको, लपवाछपवीही नको

कॅन्सर हा शब्द कानावर पडला की घरातल्या कर्त्या माणसाचेही पाय लटपटतात. त्यातून तो डोळ्याचा असेल तर विचारायलाच नको. डोळ्याच्या भागात होणाऱ्या लिम्फोमा नावाच्या गाठीविषयी, आणि त्या गाठीवर किरणोपचार घेतल्यानंतर काही वर्षांनी होणाऱ्या मोतीबिंदूविषयी आज लिहायचे ठरवले आहे. हा आजार घरोघरी आढळणारा नाही. पण तालुक्याच्या गावी पंचवीस-तीस वर्षे दवाखाना चालवताना असे मोजके रुग्ण माझ्या पाहण्यात आले. उपचार बहुतेकांचे उत्तम झाले होते. घोटाळा झाला तो दुसऱ्याच गोष्टीत. पुढे काय होऊ शकते हे रुग्णाला कोणी सांगितलेच नव्हते. या न सांगण्याबद्दल मला आज चार शब्द स्पष्ट बोलायचे आहेत. पण आधी आजार समजून घेऊ.

आजार कोणता?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील लिम्फोसाईट नावाच्या पेशी बेसुमार वाढू लागल्या की त्या आजाराला लिम्फोमा म्हणतात. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठी येणे हे त्याचे नेहमीचे रूप. पण हा आजार डोळ्याभोवतीही होतो. पापणीत, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणात, अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथीत किंवा डोळ्याच्या खोबणीत तो होऊ शकतो.

डोळ्याच्या भागातील बरेचसे लिम्फोमा 'माल्ट' या प्रकारात मोडतात. हा प्रकार १९८३ साली आयझॅकसन आणि राईट या ब्रिटिश डॉक्टरांनी प्रथम वर्णन केला. त्याची चाल अगदी सावकाश असते. बहुधा उतारवयात तो दिसतो. पापणी उचलली की आत फिकट गुलाबी, मऊ चट्टा दिसतो, किंवा एक डोळा किंचित पुढे आल्यासारखा वाटतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस महिनोन्महिने काणाडोळा करतो. कोणी म्हणते डोळे आले, कोणी म्हणते मांस वाढले. मेडिकलमधून थेंब आणून घालायचे आणि वाट पाहायची, असे चालते. थेंबांनी न जाणारी लाली किंवा सूज दोन-तीन आठवडे टिकली तर नेत्रतज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. तुकडा काढून तपासल्याशिवाय हा आजार नक्की ओळखता येत नाही. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही समजूत चुकीची आहे. त्या समजुतीपायी फुकट जाणारा वेळ मात्र परत मिळत नाही.

निदान झाले की उरलेल्या शरीरातही आजार आहे का, हे स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या करून पाहतात. तो डोळ्यापुरताच असेल तर किरणोपचार हा पक्का उपाय ठरतो.

'लाईट' म्हणजे काय?

आपल्याकडचे लोक किरणोपचारांना 'लाईट देणे' किंवा 'शेक देणे' म्हणतात. त्यात खरे तर शेक बसत नाही आणि भाजतही नाही. एक्स-रे काढताना जसे काही कळत नाही तसेच इथेही. मशीनखाली काही मिनिटे न हलता पडून राहायचे आणि घरी जायचे. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापात मोजतात. डोळ्याच्या या संथ लिम्फोमाला साधारण २४ ते ३० ग्रे मात्रा लागते. ती एकदम देत नाहीत. आठवड्यातून पाच दिवस, थोडी थोडी करत अडीच-तीन आठवड्यांत किंवा थोड्या अधिक दिवसांत पुरी करतात. एवढ्या उपचाराने दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत त्या जागेचा आजार आटोक्यात येतो. कॅन्सरच्या उपचारात असे यश फार थोड्या ठिकाणी मिळते. अलीकडे दोन दिवसांत मिळून फक्त ४ ग्रे देण्याची पद्धतही काही मोठ्या रुग्णालयांत वापरतात. ती कोणाला पुरेल आणि कोणाला नाही, हे तज्ज्ञच ठरवू शकतात. पण 'कमी मात्रेत माझे काम होईल का?' असे विचारायला काही हरकत नाही.

मग मोतीबिंदू कुठून आला?

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या पुढच्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. या थराच्या कडेला नव्या पेशी जन्मभर तयार होत राहतात आणि त्यांचेच पुढे भिंगाचे तंतू बनतात. किरणांचा फटका बसतो तो या कडेच्या पेशींना. बिघडलेल्या पेशी नीट तंतू न बनता सरकत सरकत भिंगाच्या पाठीमागे जाऊन साठतात. त्वचा जुन्या पेशी झाडून टाकते, आतडी टाकतात, पण भिंगाचे तसे नाही. ते एका बंद पिशवीत असते. आतला कचरा बाहेर टाकायला वाटच नसते. तो मागे साठतो आणि तिथे धुके धरते. हाच किरणांचा मोतीबिंदू.

हे ज्ञान नवे नाही. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्यातून वाचलेल्या काही लोकांच्या डोळ्यांत असा मोतीबिंदू आढळल्याची नोंद १९४९ साली झाली. त्याच सुमारास अमेरिकेत सायक्लोट्रॉन या अणुयंत्रावर काम करणाऱ्या काही शास्त्रज्ञांच्या डोळ्यांतही तो सापडला. भिंग हा किरणांना सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या भागांपैकी एक आहे. १९९१ साली अमेरिकी तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात, भिंगाला १८ ग्रे मात्रा मिळाली तर पाच वर्षांत निम्म्या लोकांना मोतीबिंदू होईल असा अंदाज दिला होता. पुढे २०११ साली किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने धोक्याची रेषा आणखी खाली, अर्ध्या ग्रेवर आणली. लिम्फोमाला २४ ते ३० ग्रे लागतात हे लक्षात घेतले, की भिंग किरणांच्या वाटेत आले तर मोतीबिंदू का होतो, हे सांगायला वेगळ्या पंडिताची गरज नाही.

तो लगेच होत नाही. बहुधा दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसू लागतो. त्याची लक्षणेही थोडी निराळी असतात. धुके भिंगाच्या मागे अगदी मध्यावर असते. उन्हात बाहुली बारीक होते आणि उजेड नेमका त्या धुक्यातूनच आत शिरतो. त्यामुळे भर दुपारी अंधुक दिसते आणि संध्याकाळी त्यापेक्षा बरे दिसते. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर पसरतो. लांबचे वाचता येते पण पोथी किंवा वर्तमानपत्र धरले की अक्षरे पुसट होतात. आणि बहुतेक वेळा हे एकाच डोळ्याला होते, ज्या बाजूला किरण दिले त्या डोळ्याला. लिम्फोमासाठी केमोथेरपीही झाली असेल तर तिच्यासोबत दिलेल्या स्टेरॉईडमुळेही असाच मोतीबिंदू होऊ शकतो. तो दोन्ही डोळ्यांत दिसतो.

भिंग झाकता येत नाही का?

येते, पण सगळ्यांचे नाही. आजार डोळ्याच्या वरच्या आवरणात असेल तर बुबुळासमोर धातूची छोटी ढाल धरून भिंगाला बरेच वाचवता येते. पण गाठ खोबणीत, डोळ्याच्या मागे असेल तर ढालीच्या सावलीत गाठीचा भागही सापडतो आणि किरण न मिळालेल्या जागी आजार पुन्हा उगवू शकतो. अशा वेळी डॉक्टर जाणूनबुजून भिंगावरचा धोका पत्करतात. हा त्यांचा निष्काळजीपणा नव्हे. शेतकरी तण काढताना पिकाची चार रोपे गेली तरी तण ठेवत नाही, तसाच हा हिशेब आहे.

हा हिशेब रुग्णानेही शांतपणे मांडावा. किरण नाकारले आणि आजार वाढत गेला तर गाठ डोळ्याला ढकलते, दृष्टीची नस दाबते. नस एकदा मेली की जगातला कोणताही डॉक्टर ती दृष्टी परत देऊ शकत नाही. मोतीबिंदू मात्र काढता येतो. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले तेही १९४९ सालीच. आज ती शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावी नेहमीची झाली आहे. म्हणून मोतीबिंदूच्या भीतीने किरण नाकारणे म्हणजे पाहुणा येईल म्हणून घरच न बांधण्यासारखे आहे. काही फार वृद्ध आणि काहीही त्रास नसलेल्या रुग्णांत डॉक्टर उपचार न करता नुसती नजर ठेवतात. पण तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा असतो, भीतीने नव्हे.

आता न सांगण्याविषयी

आपल्याकडे कॅन्सरचे निदान झाले की पहिली बैठक रुग्णाला वगळून होते. 'डॉक्टर, त्यांना काही सांगू नका, ते खचतील,' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. त्यामागे प्रेम असते याबद्दल मला शंका नाही. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहा.

एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत लिम्फोमा निघाला. मुलांनी त्यांना सांगितले, 'डोळ्यात सूज आहे, मोठ्या दवाखान्यात लाईट देऊन उतरवायची आहे.' गुरुजींनी मुकाट्याने उपचार घेतले. सूज खरोखरच उतरली. कागदपत्रांची फाईल शहरातल्या मुलाकडे राहिली. गावातल्या कोणत्याच डॉक्टरला, म्हणजे मलाही, त्या घराने काही कळवले नाही. तीन वर्षांनी गुरुजींना उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले. त्यांनी मुलाला फोनवर सांगितले. मुलाच्या मनात आले, आजार उलटला. तो घाबरला, पण वडिलांना काही सांगता येईना. 'बघू, सुट्टी मिळाली की येतो' म्हणत त्याने आठ महिने काढले. इकडे गुरुजी एकटेच मोतीबिंदूच्या शिबिरात गेले. पूर्वीचा आजार विचारला तेव्हा 'काही नाही' म्हणाले. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरेच होते. तिथल्या हुशार डॉक्टरांना एकाच डोळ्यात, भिंगाच्या मागे धुके दिसले, म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया थांबवून माझ्या नावे चिठ्ठी दिली. मग मी मुलाला गाठले, फाईल मागवली आणि गाठोडे उलगडले.

गुरुजींना सगळे सांगावे लागले. ते खचले नाहीत. एवढेच म्हणाले, 'कॅन्सर होऊन गेला आणि मी तीन वर्षे चाललो-बोललो, ही तर आनंदाची बातमी. ती माझ्यापासून का लपवली?' तपासणीत आजार परतला नसल्याचे दिसले. अंधुकपणा निव्वळ मोतीबिंदूचा होता. वेळीच सांगितले असते तर मुलाची आठ महिन्यांची झोप वाचली असती आणि गुरुजींना पोथी वाचता आली असती.

माझे मत स्पष्ट आहे. किरण ज्याच्या डोळ्याला द्यायचे, त्याला त्यांची माहिती मिळालीच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, आणि उपचाराचा भागही आहे. कारण पुढची पंधरा-वीस वर्षे तो डोळा सांभाळायचा आहे तो त्याने. नातेवाईक म्हणतील, कॅन्सर शब्द ऐकून माणूस हाय खातो. काही जण खातात, हे खरे आहे. म्हणून सांगण्याची रीत असते. पहिल्याच दिवशी सगळे तोंडावर फेकू नये. 'संथ चालीची गाठ आहे, किरणांनी चांगली बरी होते, मात्र पुढे मोतीबिंदू होऊ शकतो आणि तो काढता येतो,' एवढे चार भाग दोन-तीन भेटींत सांगितले तरी पुरते. अंधारात ठेवलेला माणूस जास्त घाबरतो, कारण तो कल्पनेने घाबरतो.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. संमतिपत्रावर मुलाची सही घेतली म्हणजे सांगण्याचे काम संपले असे मानू नये. इंग्रजी फॉर्म न वाचता सही करणारे हात आपण सगळे रोज पाहतो. उपचार संपल्यावर कोणत्या डोळ्याला किती ग्रे दिले, भिंग झाकले होते की नाही, एवढे चार ओळींत लिहून एक कागद रुग्णाच्या हाती द्यावा. त्याने गावाकडच्या डॉक्टरांचे काम कितीतरी सोपे होईल.

शस्त्रक्रियेबद्दल

किरणांनंतरच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इतर मोतीबिंदूसारखीच होते. तो 'पिकण्याची' वाट पाहायची नसते. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की काढून टाकावा. मात्र तीन गोष्टी आधी पाहतात. पहिली, आजार शांत आहे ना. दुसरी, डोळा कोरडा पडला आहे का. किरणांनी अश्रुग्रंथी कमजोर होते, त्यामुळे जळजळ आणि खुपणे वाढते. त्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब आधी सुरू करावे लागतात. तिसरी, मागचा पडदा शाबूत आहे ना. लिम्फोमाच्या मात्रेत पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडण्याचा प्रकार क्वचित होतो, पण मधुमेह असेल तर धोका वाढतो. पडदाच बिघडलेला असेल तर मोतीबिंदू काढूनही दृष्टी पूर्ण येत नाही, हे आधी कळलेले बरे.

बसवलेल्या कृत्रिम भिंगाला पुन्हा मोतीबिंदू होत नाही. कधी त्यामागच्या पिशवीवर जाळी धरते. ती लेसरने काही मिनिटांत दूर करता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. किरणोपचार सुरू होण्यापूर्वी विचारा : माझे भिंग झाकता येईल का? मात्रा किती? पुढे मोतीबिंदूची शक्यता किती?

२. उपचारांचे कागद एका पिशवीत, रुग्ण जिथे राहतो त्याच घरी ठेवा. शहरातल्या मुलाकडे झेरॉक्स असू द्या.

३. कोणत्याही शिबिरात किंवा दवाखान्यात डोळा दाखवताना 'या डोळ्याला किरण दिले आहेत' हे पहिले वाक्य असू द्या. मधुमेह असेल तर तोही सांगा.

४. काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळे तपासून घ्या. कॅन्सरतज्ज्ञांनी दिलेल्या तारखाही चुकवू नका.

५. दृष्टी हळूहळू अंधुक झाली तर बहुधा मोतीबिंदू असतो. पण पुन्हा सूज येणे, डोळा पुढे येणे, एकाचे दोन दिसणे किंवा पापणी पडणे यांपैकी काही झाले तर आठवड्याच्या आत तज्ज्ञांकडे जा. एकाएकी दिसेनासे झाले किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी जा.

६. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

किरणांनंतर मोतीबिंदू झाला म्हणजे उपचार फसला असे समजू नका. बरेचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की मूळ आजार मागे पडला आणि माणूस मोतीबिंदू होण्याइतकी वर्षे सुखाने जगला. घरात असा कोणी रुग्ण असेल, आणि त्याला अजून काही सांगितले नसेल, तर येत्या रविवारी त्याच्याशेजारी बसा आणि फाईल उघडा.